आम्लधर्मी व अल्कधर्मी आहार

आम्लधर्मी व अल्कधर्मी आहार ही खाद्यपदार्थांची, ते पचल्यानंतर शरीरात शिल्लक राहणाऱ्या आम्लाच्या किंवा अल्काच्या भारावरून केलेली विभागणी होय. ती जिभेला लागणाऱ्या चवीवर आधारलेली नाही. म्हणूनच अत्यंत आंबट लिंबू अल्कधर्मी गटात मोडते, तर आंबटपणाचा लवलेश नसलेला तांदूळ आम्लधर्मी गटात. मूत्रपिंडाच्या काही विकारांत या विभागणीला वैद्यकीय महत्त्व आहे. मात्र अल्कधर्मी आहाराने रक्त अल्कधर्मी बनते आणि कर्करोगासारखे आजार बरे होतात, हा तिच्या आधारे होणारा प्रचार शास्त्रीय कसोटीवर टिकलेला नाही.

संज्ञा

मराठी शालेय विज्ञानात आम्ल, आम्लारी आणि क्षार या तीन संज्ञा वेगळ्या आहेत. आम्ल व आम्लारी यांच्या संयोगातून क्षार आणि पाणी तयार होते. रोजच्या वापरातील मीठ हा असाच एक क्षार. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्क किंवा अल्कली म्हणतात. हिंदीत मात्र ‘क्षार’ हा शब्द आम्लारीसाठी वापरतात आणि मराठीतील क्षाराला ‘लवण’ म्हणतात. आयुर्वेदात वनस्पती जाळून त्यांच्या राखेपासून काढला जाणारा क्षारही गुणाने अल्कधर्मीच असतो. त्यामुळे हिंदीवरून मराठीत आलेल्या मजकुरात ‘क्षारयुक्त आहार’ असा शब्दप्रयोग आढळला, तर त्याचा अर्थ ‘मीठ अधिक असलेला आहार’ असा घेतला जाण्याचा धोका असतो. उच्च रक्तदाब असलेल्या वाचकाच्या दृष्टीने ही गफलत किरकोळ नव्हे.

पदार्थाचा सामू

द्रावणाची आम्लता मोजण्याची सामू (पीएच) ही मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करत असताना मांडली. तीत ७ हा अंक उदासीन मानतात. त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क. एका अंकाच्या फरकाने आम्लता दहापट बदलते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या दरम्यान, दह्याचा ४.५ च्या आसपास आणि दुधाचा ६.६ ते ६.७ असतो. मापनाच्या दृष्टीने खरोखर अल्कधर्मी असे पदार्थ स्वयंपाकघरात फारच थोडे आढळतात : खाण्याचा सोडा, पापडखार आणि अंड्यातील पांढरा बलक.

पदार्थाच्या या मूळ आम्लतेचे परिणाम पोटात जाण्यापूर्वीच दिसतात. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक किंवा चिंचेचे सार कळकते, कारण त्यातील आम्लामुळे तांबे अन्नात उतरते. तोंडातील सामू ५.५ च्या खाली गेला की दातांवरील कठीण आवरण विरघळू लागते. आंबट पदार्थ दिवसभर चघळत राहणे दातांना बाधते ते यामुळेच.

पचनानंतरचा भार

मासे, मांस, अंडी, डाळी व धान्ये यांतील प्रथिनांत मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले असतात. त्यांच्या विघटनातून सल्फ्युरिक आम्ल निर्माण होते. फळे व भाज्या यांतील सायट्रिक आम्लासारखी सेंद्रिय आम्ले मात्र शरीरात जळून जातात. त्यांचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते आणि त्यांच्याशी निगडित पोटॅशियममुळे रक्तात बायकार्बोनेटची भर पडते. लिंबाच्या अल्कधर्मी असण्याचे रहस्य हेच. पूर्वी पदार्थ जाळून त्याच्या राखेचा गुणधर्म पाहत असत. पुढे १९९५ मध्ये रेमर आणि मान्झ या संशोधकांनी मूत्रपिंडांवर पडणाऱ्या संभाव्य आम्लभाराचे गणित मांडून पदार्थांचे कोष्टक तयार केले. त्यात प्रत्येक १०० ग्रॅममागे मिलिइक्विव्हॅलंट या एककात पार्मेझान चीज +३४.२, अंड्यातील पिवळा बलक +२३.४, दूध +०.७, पालक −१४ आणि बेदाणे −२१ असे आकडे आढळतात. धन चिन्ह आम्लभार दर्शवते, तर ऋण चिन्ह अल्कभार.

रक्ताचा समतोल

निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. रक्तातील बायकार्बोनेट आलेले आम्ल तत्काळ निष्प्रभ करते, फुप्फुसे काही मिनिटांत कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन कमी-अधिक करतात आणि मूत्रपिंडे उरलेले आम्ल मूत्रावाटे बाहेर टाकतात. ताटात भाकरी आणि मासे असोत वा पालेभाजी, हा पट्टा बदलत नाही. ‘अल्कधर्मी पाणी’ म्हणून विकले जाणारे पाणी तर प्रथम जठरात जाते, आणि तेथील सामू १.५ ते ३.५ असतो.

आहाराने बदलतो तो मूत्राचा सामू, तो ४.५ ते ८ पर्यंत कोठेही असू शकतो. घरी मूत्रात कागदी पट्टी बुडवून दिसणारा रंगबदल हा रक्त बदलल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. वस्तुतः तो मूत्रपिंडे आपले काम चोख बजावत असल्याचा पुरावा असतो.

दावे आणि वस्तुस्थिती

आम्लभार निष्प्रभ करण्यासाठी हाडांतील कॅल्शियम खर्ची पडते आणि हाडे ठिसूळ होतात, अशी मांडणी १९६८ मध्ये वाचमन व बर्नस्टीन यांनी केली. अधिक प्रथिनांच्या आहाराने मूत्रातील कॅल्शियम वाढते हे खरे; परंतु त्याच आहाराने आतड्यातून कॅल्शियमचे शोषणही वाढते. पुढील अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणांतून या मांडणीला आधार मिळाला नाही.

कर्करोगाविषयीचा दावा अधिक घातक आहे. अर्बुदाभोवतीचा भाग आम्लधर्मी असतो, पण ते आम्ल अर्बुदाच्या पेशीच निर्माण करतात. ते अन्नातून आलेले नसते. ऑटो वारबुर्ग यांना ‘आम्लामुळे कर्करोग होतो’ या शोधासाठी नोबेल मिळाले, असे सर्रास सांगितले जाते. त्यांना १९३१ चा पुरस्कार श्वसनाशी संबंधित विकराच्या संशोधनासाठी मिळाला होता. अल्कधर्मी आहाराचे अमेरिकी प्रचारक व ‘द पीएच मिरॅकल’ या पुस्तकाचे लेखक रॉबर्ट यंग यांना २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयात परवान्याविना वैद्यक व्यवसाय केल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. त्यांच्या सल्ल्यावर विसंबून रूढ उपचार टाळलेल्या एका कर्करुग्ण महिलेला १०.५ कोटी डॉलर भरपाई द्यावी, असा निर्णय २०१८ मध्ये ज्यूरीने दिला. तोपर्यंत तिचा आजार फार पुढे गेला होता.

वैद्यकीय उपयोग

युरिक आम्लाच्या मूतखड्यात मूत्राचा सामू वाढवल्यास खडा विरघळण्यास मदत होते. त्यासाठी पोटॅशियम सायट्रेट देतात. मूत्रपिंडे अशक्त झालेल्या रुग्णांत आम्ल साचू लागते, तेव्हा फळे व भाज्या वाढवण्याचा लाभ होतो. परंतु याच रुग्णांच्या रक्तात पोटॅशियमही साचते आणि त्याचा अतिरेक हृदयाची गती बिघडवू शकतो. त्यामुळे त्यांनी हा बदल वैद्यकीय देखरेखीखालीच करावयाचा असतो.

बोलीभाषेत ज्याला ‘ॲसिडिटी’ किंवा आम्लपित्त म्हणतात, त्या विकाराचा वरील विभागणीशी संबंध नाही. त्यात जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढते. त्यामुळे अल्कभाराचे लिंबूही अशा वेळी जळजळ वाढवू शकते. त्यावर सोडा घेण्याची घरगुती पद्धत आहे. सोड्याने तात्पुरता आराम पडतो; मात्र चहाच्या एका सपाट चमचाभर सोड्यातून सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली दिवसभराची मर्यादाच दोन ग्रॅमांहून कमी आहे.