महाविद्यालयीन टेनिसचा एक शिल्पकार

टेनिस हा एकट्याने खेळावयाचा आणि एकट्याने हरावयाचा खेळ आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. चौकोनी मैदानाच्या एका बाजूस एक खेळाडू, दुसऱ्या बाजूस दुसरा, मध्ये जाळे. तेथे संघभावनेला वाव कोठे, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु डेव्हिस चषकाचे सामने ज्यांनी आस्थेने पाहिले किंवा ऐकले आहेत, त्यांना या समजुतीतील अपुरेपणा ठाऊक आहे. १९६६ साली मेलबर्न येथे भारताचा संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. सामना आपण गमावला. पण रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीत न्यूकम आणि रोश या नामवंत जोडीला नमविले, त्या विजयाचा आनंद दोघांपुरता नव्हता. खेळ एकट्याचा असला तरी गुण सर्वांचा होता.

नेमक्या त्याच वर्षी, म्हणजे १९६६ मध्ये, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डिक गूल्ड नावाच्या एका तरुण शिक्षकाने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टेनिस संघाची सूत्रे हाती घेतली. एकट्याच्या खेळातून संघ कसा घडवावयाचा, हा प्रश्न त्यांनी पुढील ३८ हंगाम सोडविला. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. त्यांच्या शिष्यांची नावे मात्र, टेनिसची थोडीफार गोडी असलेल्या कोणालाही सांगावी लागणार नाहीत.

गूल्ड मूळचे कॅलिफोर्नियातील व्हेंच्युरा गावचे. ते स्वतः स्टॅनफर्डमध्येच शिकले आणि तेथील संघातून खेळले. खेळाडू म्हणून त्यांनी मोठ्या स्पर्धा गाजविल्या नाहीत, आणि ही गोष्ट त्यांच्या पुढील कार्याच्या दृष्टीने मला उणेपणाची वाटत नाही. ज्याला सर्व काही सहज साध्य झाले, त्याला ते दुसऱ्यास उलगडून सांगणे अनेकदा जड जाते. पदवीनंतर गूल्ड यांनी आधी एका माध्यमिक शाळेत आणि मग फूटहिल महाविद्यालयात शिकविले. तेथे समोर येणारी मुले होतकरू विजेते नव्हती. हातात प्रथमच रॅकेट धरणारीही त्यांत होती. एका वेळी अनेकांना खेळ कसा शिकवावा, याचा विचार त्यांना तेव्हापासून करावा लागला, आणि नवशिक्यांसाठी त्यांनी एक पाठ्यपुस्तकही लिहिले. विजेत्यांचा गुरू म्हणून पुढे गाजलेला हा मनुष्य मुळात वर्गशिक्षक होता, हे ध्यानात ठेवावयास हवे.

आता अमेरिकेतील महाविद्यालयीन टेनिसची घडी थोडी समजावून घेऊ. कारण ती आपल्या जिमखान्याच्या टेनिसहून फार निराळी आहे. आपल्याकडे अभ्यास आटोपून संध्याकाळी जिमखान्यावर जावे, वर्षाकाठी एखाद्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरावे, असा प्रघात. तेथे विद्यापीठ खेळाडूला शिष्यवृत्ती देते, पगारी प्रशिक्षक नेमते आणि संघाला देशभर सामन्यांसाठी पाठविते. दोन विद्यापीठांच्या सामन्यात प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू एकेरी खेळतात आणि तीन जोड्या दुहेरी. पूर्वी या नऊही सामन्यांना प्रत्येकी एक गुण असे. पुढे, १९९० नंतरच्या काळात, तिन्ही दुहेरी मिळून एकच गुण ठरला आणि एकूण गुण सात झाले.

या रचनेतील मर्म असे की, सहाव्या क्रमांकावरील खेळाडूने मिळविलेला गुण पहिल्या क्रमांकावरील खेळाडूच्या गुणाइतकाच मोलाचा असतो. पहिल्या मैदानावर भावी विश्वविजेता खेळत असेल, प्रेक्षकांची गर्दी त्याच्याभोवती असेल. पण निकाल लागतो तो कित्येकदा अगदी टोकाच्या मैदानावर, जेथे कोणीही ओळखत नसलेला एक मुलगा तिसऱ्या सेटमध्ये घाम गाळीत असतो. आणि सर्व मैदानांवरील सामने एकाच वेळी चालू असतात. महाविद्यालयीन सामन्यात प्रशिक्षकाला मैदानावर जाऊन खेळाडूशी बोलण्याची मुभा आहे. व्यावसायिक स्पर्धांत ही मुभा दीर्घकाळ नव्हती, अलीकडच्या वर्षांत ती मर्यादेने मिळाली. पण सहा ठिकाणी एकदम कोण पोहोचणार? कोणत्या मुलाजवळ जाऊन बसावयाचे आणि कोणाला त्याच्या बुद्धीवर सोडावयाचे, हा निर्णय क्षणाक्षणाला करावा लागतो. प्रशिक्षकाची खरी परीक्षा येथे असते, असे मला वाटते. फटका कसा मारावा हे सांगण्याची वेळ सामन्यापूर्वीच संपलेली असते.

दुसरी अडचण शिष्यवृत्तीची. पुरुषांच्या टेनिस संघासाठी एका विद्यापीठाला देता येणाऱ्या शिष्यवृत्त्यांची मर्यादा कालांतराने साडेचारवर येऊन स्थिरावली, आणि २०२५ मध्ये नियम बदलेपर्यंत ती तशीच होती. सामन्याला खेळाडू लागतात निदान सहा, संघात असतात आठ-दहा. शिष्यवृत्त्या मात्र साडेचार! तेव्हा कोणाला पूर्ण, कोणाला अर्धी, कोणाला केवळ पुस्तकांपुरती, अशी वाटणी प्रशिक्षकाने करावयाची, आणि तरीही संघात असूया शिरू द्यावयाची नाही. घरात चार भावंडे आणि तीन लाडू असले म्हणजे आईची जी अवस्था होते, तीच ही. त्यात स्टॅनफर्डसारख्या विद्यापीठाचे प्रवेशाचे नियम कडक. मुलगा कितीही गुणी खेळाडू असला तरी त्याची शालेय गुणवत्ता पुरेशी नसेल, तर प्रशिक्षकाच्या शब्दाने दार उघडत नाही.

गूल्ड यांनी सूत्रे घेतली तेव्हा महाविद्यालयीन टेनिसवर दक्षिण कॅलिफोर्नियाचे निर्विवाद राज्य होते. १९६० ते १९७१ या बारा वर्षांत प्रत्येक राष्ट्रीय सांघिक विजेतेपद लॉस एंजेलिसमधील दोनच विद्यापीठांनी आपसांत वाटून घेतले होते. एकीकडे जे. डी. मॉर्गन यांचे कॅलिफोर्निया विद्यापीठ, जेथून आर्थर अ‍ॅश बाहेर पडला; दुसरीकडे जॉर्ज टोली यांचे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ, जेथे डेनिस राल्स्टन, राफाएल ओसूना आणि स्टॅन स्मिथ घडले. उत्तरेकडील स्टॅनफर्डची विद्येत कीर्ती मोठी. पण टेनिसच्या या चढाओढीत त्याला कोणी गणतीत धरीत नव्हते.

ही कोंडी फुटण्यास काही वर्षे गेली. जोरकस सर्व्हिससाठी पुढे प्रसिद्धीस आलेला रॉस्को टॅनर हा डावखुरा तरुण स्टॅनफर्डला आला आणि त्याच्यामागून इतरांची पावले तिकडे वळू लागली. १९७२ मध्ये टॅनर आणि अलेक्स मेयर यांनी राष्ट्रीय दुहेरी जिंकली. १९७३ साली मेयर एकेरीचा विजेता ठरला आणि त्याच वर्षी स्टॅनफर्डने प्रथमच सांघिक विजेतेपद मिळविले. पुढच्या वर्षी जॉन व्हिटलिंगर याने एकेरी आणि दुहेरी दोन्ही जिंकून तेच विजेतेपद राखण्यास मोठा हातभार लावला. गूल्ड यांचा भर आक्रमक खेळावर होता. सर्व्हिस करून जाळ्याकडे धावावे, प्रतिस्पर्ध्याला विचारास अवधी देऊ नये, ही त्यांची शिकवण. मागच्या रेषेवर उभे राहून दुसऱ्याच्या चुकीची वाट पाहणे त्यांना मानवत नसे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६८ मध्ये टेनिसमधील हौशी आणि व्यावसायिक हा भेद बहुतांशी मिटला आणि मोठ्या स्पर्धा सर्वांना खुल्या झाल्या. तत्पूर्वी तरुण खेळाडूने विद्यापीठात जाणे स्वाभाविक होते. कारण हौशी खेळातून राजरोस पैसा मिळत नव्हता. आता मात्र अठरा वर्षांच्या मुलापुढे एकीकडे बक्षिसांची थैली आणि दुसरीकडे पदवी, असा पेच उभा राहिला. म्हणजे गूल्ड यांची कारकीर्द सुरू होते न होते तोच तिच्या पायाखालची वाळू सरकू लागली होती. उत्तम खेळाडू मिळवावा तर तो लवकर निघून जाणार. चार वर्षे राहील असाच घ्यावा तर तो उत्तम असेलच असे नाही. पुढील सारा काळ गूल्ड यांना या दोहोंच्या मधून वाट काढावी लागली.

याचे सर्वांत ठळक उदाहरण जॉन मॅकेन्रो. १९७७ च्या उन्हाळ्यात हा अठरा वर्षांचा मुलगा पात्रता फेरीतून वर येऊन विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. इतके झाल्यावर कोण वर्गात जाऊन बसेल? पण तो त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये दाखल झाला आणि एक वर्ष राहिला. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने जॉन सॅड्री याला चार सेट्सच्या झुंजीत हरविले. त्यांपैकी तीन सेट ७-६ असे सुटले. संघही विजयी झाला, आणि त्यानंतर मॅकेन्रो व्यावसायिक झाला. १९७९ मध्ये त्याने अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. पंचांशी भांडणारा आत्मकेंद्री खेळाडू अशी त्याची प्रतिमा जगाने पाहिली. पण डेव्हिस चषकासाठी देशाकडून खेळण्याचा त्याचा उत्साह त्याच्या पिढीतील अनेकांहून अधिक होता. या उत्साहात स्टॅनफर्डच्या एका वर्षाचा काही वाटा असावा, असे मानावयास जागा आहे. योगायोग असा की, त्याच १९७८ साली स्टॅनफर्डच्या महिला संघानेही राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, आणि त्या संघाच्या प्रशिक्षिका होत्या गूल्ड यांच्या पत्नी अ‍ॅन गूल्ड.

१९७७ पासून सांघिक विजेता ठरविण्याची रीतही बदलली. तोवर वैयक्तिक सामन्यांतील गुणांची बेरीज करून संघाचा क्रम लावीत. आता संघ संघाशी प्रत्यक्ष भिडू लागले. या नव्या पद्धतीचे पहिले विजेतेपद स्टॅनफर्डकडे गेले. एखाद-दुसऱ्या तेजस्वी खेळाडूवर विसंबणे आता शक्य नव्हते. सहावा खेळाडू घडविणाऱ्यालाच यश मिळणार होते, आणि तो घडविण्यात गूल्ड वाकबगार होते. सामन्याला प्रेक्षक जमविण्याचे कामही त्यांनी कमीपणाचे मानले नाही. बास्केटबॉलसाठी बांधलेल्या मेपल्स पॅव्हिलियनमध्ये त्यांनी टेनिसचे सामने भरविले आणि तेथे हजारो लोक येऊ लागले. मुलांना आपल्यासाठी कोणी तरी ओरडते आहे हे कळावे, हाही शिक्षणाचाच भाग!

आकडे सांगावयाचे तर १९७३ ते २००० या अवधीत गूल्ड यांच्या संघांनी १७ राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. ३८ हंगामांत ७७६ सामने जिंकले आणि १४८ गमावले. त्यांचे दहा शिष्य राष्ट्रीय एकेरीचे विजेते झाले. पण या आकड्यांहून मला एक वेगळाच हिशेब अधिक बोलका वाटतो. पहिल्या आणि अखेरच्या विजेतेपदाच्या दरम्यान सलग दोनपेक्षा अधिक वर्षे कधीही कोरी गेली नाहीत. याचा अर्थ असा की, त्या काळात जो मुलगा चार वर्षे संघात राहिला, त्याच्या वाट्याला निदान एक राष्ट्रीय विजय आलाच. पॉल गोल्डस्टीनने तर १९९५ ते १९९८ या चारही वर्षी तो अनुभवला. १९९८ चा संघ २८ सामन्यांत अपराजित राहिला. त्याच संघात बॉब आणि माइक ब्रायन हे जुळे भाऊ होते. बॉबने त्या वर्षी एकेरी, दुहेरी आणि सांघिक अशी तिन्ही विजेतेपदे मिळविली. दोघे भाऊ दोन वर्षांनी बाहेर पडले आणि पुढे त्यांनी एकत्र खेळून दुहेरीची १६ ग्रँड स्लॅम विजेतेपदे जिंकली.

गूल्ड यांच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धात आणखी एक वाद वाढत गेला. अनेक विद्यापीठे परदेशी खेळाडूंना शिष्यवृत्त्या देऊ लागली. अमेरिकन करदात्याच्या पैशावर परक्यांनी का शिकावे, असे तेथे विचारले जाई. गूल्ड यांचे संघ बहुतांशी अमेरिकन मुलांचेच राहिले. आपल्या दृष्टीने मात्र या वादाची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. महेश भूपतीने मिसिसिपी विद्यापीठातून खेळताना १९९५ मध्ये अली हमादेहच्या साथीने महाविद्यालयीन दुहेरीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या सोमदेव देववर्मनने २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे एकेरी जिंकली; पहिल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात त्याने उंचापुऱ्या जॉन इस्नरला नमविले. विद्यापीठाचे दार परदेशी मुलांना बंद असते, तर आपल्याकडील या मुलांना शिस्तबद्ध शिक्षण, मैदाने आणि सामने मिळाले असते काय? त्यांच्या कुटुंबांना तो खर्च स्वतः करणे किती कठीण गेले असते, हे ज्यांनी मुलाला टेनिसच्या स्पर्धांसाठी गावोगाव नेले आहे, त्यांना विचारावे.

गूल्ड २००४ मध्ये प्रशिक्षकपदावरून निवृत्त झाले आणि त्यानंतरही काही वर्षे स्टॅनफर्डच्या टेनिसचे संचालक म्हणून काम पाहत राहिले. संघाची सूत्रे त्यांच्यानंतर जॉन व्हिटलिंगरकडे गेली, १९७४ चा तोच विजेता. आणि २०१४ मध्ये व्हिटलिंगरनंतर त्या जागी आला पॉल गोल्डस्टीन.