काळा टेलिफोन : एक ऐतिहासिक साधन

आपल्या शाळेच्या कार्यालयातील काळा, जड टेलिफोन अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. गृहपालांनी नाव पुकारले की तो मुलगा वसतिगृहातून धावत येई. गावाहून आलेला ट्रंक कॉल म्हणजे बहुधा काळजीची वार्ता. त्यामुळे चोंगा कानाला लावेपर्यंत त्याच्या छातीत धडधड होत असे. चार वर्षांपूर्वी भांडारगृह आवरताना तोच टेलिफोन मला भंगाराच्या ढिगात सापडला. तो मी उचलून घरी नेला आणि हौसेने ओल्या फडक्याने पुसू लागलो. तबकडीच्या मध्यभागी कागदाची एक गोल चकती होती आणि तीवर शाईने शाळेचा क्रमांक लिहिलेला होता. क्षणात शाई पसरली व क्रमांक नाहीसा झाला. इतिहासाचा शिक्षक असून एक अस्सल साधन मी स्वतःच्या हाताने पुसले होते. त्या चुकीनंतर मी या विषयाचा अभ्यास केला. त्यातून जे समजले ते येथे मांडतो.

ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ मध्ये मिळाले आणि २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. आरंभीच्या यंत्रांत लाकडी पेटी, बाजूला फिरवायचा दांडा आणि बोलण्यासाठी जागेवरच ठेवलेली बॅटरी असे. दांडा फिरवला की आतील मॅग्नेटोत वीज निर्माण होऊन एक्स्चेंजमधील ऑपरेटरला सूचना मिळे. पुढे बॅटरी एक्स्चेंजमध्येच गेली आणि चोंगा उचलताच ऑपरेटरला कळू लागले. अमेरिकेत अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय असलेल्या आल्मन स्ट्रोजर यांनी १८९१ मध्ये स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तबकडीचा टेलिफोन आला.

म्हणून ओळख पटवताना पहिला प्रश्न विचारावा तो हा : यंत्राला दांडा आहे, तबकडी आहे, की दोन्ही नाहीत? मात्र एवढ्यावरून काळ ठरवू नये. शहरांत तबकडी रूढ झाल्यावरही लहान गावांत आणि रेल्वेच्या फाटकांवर दांड्याचे टेलिफोन दीर्घकाळ चालू होते.

दुसरा प्रश्न पदार्थाचा. लाकूड व पितळ यांच्यामागून बेकेलाईट आले. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेला हा पदार्थ कठीण व जड असून हाताने घासून गरम केला असता त्याला कार्बोलिकसारखा वास येतो. ब्रिटिश टपाल खात्याच्या १९२९ च्या '१६२' या बेकेलाईटच्या नमुन्यात घंटीची पेटी वेगळी होती. १९३७ च्या '३३२' मध्ये घंटी आतच बसवली गेली. या दुसऱ्या नमुन्याचे मूळ स्वीडनच्या एरिक्सन कंपनीसाठी नॉर्वेजियन कलावंत जाँ हेबर्ग यांनी घडवलेल्या आकारात आहे. स्वतंत्र भारतात १९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली. आपल्या शाळेच्या टेलिफोनच्या तळाशी याच कारखान्याची मुद्रा आहे.

तिसरा पुरावा म्हणजे खुणा. तळाची पट्टी, चोंग्याची आतील बाजू आणि तबकडीची पाठ येथे क्रमांक व कधी कधी वर्षही उमटवलेले असते. निरनिराळ्या भागांवर निरनिराळी वर्षे आढळली तर यंत्र बनावट आहे असे लगेच समजू नये. त्या काळी टेलिफोन ग्राहकाचा नसून खात्याच्या मालकीचा असे. बिघडलेला संच परत जाई, दुरुस्त होई व दुसऱ्या घरी लागे. याउलट, मुंबईच्या चोर बाजारात किंवा अन्यत्र दिसणारा चकचकीत पितळी 'पुरातन' टेलिफोन नीट पाहावा. तबकडीच्या भोकांत दाबायची बटणे असतील तर ती आजची शोभेची वस्तू आहे, हे निश्चित समजावे.

आता दुरुस्तीविषयी. प्रथम लाइन काढावी, कारण घंटी वाजताना तारेत ७५ व्होल्टच्या आसपास दाब असतो. एकही स्क्रू सैल करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि कोणती तार कोठे जाते याची आकृती काढावी. धूळ मऊ ब्रशने झाडावी. बेकेलाईटला थिनर वा पॉलिशपेपर लावू नये. वरचा थर गेला की आतील भुसा उघडा पडतो व चमक कायमची जाते. कागदाला पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. आवाज खरखरत असेल तर बोलण्याच्या भागातील कार्बनचे कण दमटपणाने घट्ट बसलेले असण्याचा संभव असतो. तो भाग हलकेच ठोकल्यास पुष्कळदा सुधारतो. तबकडी सेकंदाला सुमारे १० स्पंद देते : १ फिरवल्यास एक, ० फिरवल्यास दहा. ती रेंगाळत असेल तर जुने तेल चिकट झाले असे समजावे. ते साफ करून बारीक थेंबभर तेल पुरते. विणीची कापडी वायर बदलावीच लागली तर मूळची वायर पाकिटात जपून ठेवावी. आजच्या अनेक फायबर जोडण्यांना हे स्पंद कळत नाहीत. त्यासाठी बाहेरून परिवर्तक जोडावा, परंतु आतील यंत्रणा काढून नवी बसवू नये.

थोडक्यात, जे परत पूर्ववत करता येईल तेवढेच करावे आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावी. ओरखडे, झिजलेला चोंगा, तबकडीवरची पुसट झालेली अक्षरे हे सारे त्या वस्तूच्या वापराचे पुरावे आहेत. वस्तू नवी दिसावी म्हणून ते नष्ट करणे म्हणजे जुन्या दप्तराची पाने धुऊन काढणे होय.

शाळेचा टेलिफोन आता पुन्हा वाजतो. चकतीची जागा मात्र मी कोरी ठेवली आहे. दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो क्रमांक मला सांगितला, पण दोघांचे क्रमांक वेगळे निघाले. केवळ आठवणीवर विसंबून तेथे आकडे लिहिणे मला योग्य वाटत नाही. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती अशी की, जुन्या वहीत, पोस्टकार्डावर, प्रवेशाच्या कागदावर तो क्रमांक आढळला तर शाळेस कळवावे. आणि त्या टेलिफोनवर आपण काय ऐकले होते, तेही चार ओळींत लिहून पाठवावे. एका शिक्षकाच्या हातून पुसले गेलेले आपण सर्वांनी मिळून पुन्हा लिहू.