मायक्रोवेव्ह ओव्हन : कोणते भांडे आत, कोणते बाहेर?

बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून तंजावूरला जाणाऱ्या कर्मचाऱ्याला ते गाव फारसे परके वाटत नाही. सतराव्या शतकात भोसले घराण्याने येथे राज्य स्थापिले आणि आजही तेथील अनेक कुटुंबांत जुन्या वळणाची मराठी बोलली जाते. सांबाराचा जन्म याच मराठी दरबाराच्या मुदपाकखान्यात झाला, अशी आख्यायिका आहे. तिला आधार किती, हा भाग निराळा. मात्र येथील स्वयंपाकघरातील धातूंच्या भांड्यांची श्रीमंती कोणालाही प्रत्यक्ष पाहता येते. कॉफीसाठी पितळी डवरा-टंबलर, इडलीसाठी धातूचे साचे आणि रसमसाठी शुद्ध कथलाचा ‘ईयचोंबू’. अशा घरात मायक्रोवेव्ह ओव्हन आला, की पहिला प्रश्न भांड्यांचाच उभा राहतो.

या यंत्राचा जन्म रडारच्या संशोधनातून झाला. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे अभियंते पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये मॅग्नेट्रॉनच्या लहरींनी अन्न शिजू शकते, हे ओळखले. घरगुती ओव्हनमध्ये या लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा आंदोलित होतात. त्यांच्या तालावर अन्नातील पाण्याचे रेणू फिरू पाहतात, एकमेकांवर घासतात आणि अन्न तापते. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. त्यापुढील उष्णता हळूहळू आत झिरपते. म्हणूनच अन्न मध्येच ढवळणे आणि ओव्हन बंद झाल्यावर दोन मिनिटे थांबणे आवश्यक असते.

धातूतून या लहरी पार होत नाहीत, परावर्तित होतात. धातूच्या डब्यातील सांबार त्यामुळे नीट तापत नाही. काट्याचे टोक, वाटीची पातळ कड, बशीवरील सोनेरी रेघ किंवा चुरगळलेला अॅल्युमिनियमचा कागद असेल, तर तेथे ठिणग्या उडतात. ईयचोंबूची गोष्ट तर अधिकच नाजूक. कथील २३२ अंशांवर वितळते. म्हणून जाणत्या गृहिणी चुलीवरसुद्धा तो रिकामा ठेवत नाहीत. आधी रसम ओततात, मग जाळ लावतात. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे भांडे ओव्हनमध्ये ठेवून गमावण्याचे काही कारण नाही. (नवा चोंबू घेताना तो शिसेमिश्रित नाही, याची खात्री मात्र अवश्य करावी.)

मग योग्य भांडे कोणते? बोरोसिलिकेट काच, धातूची नक्षी नसलेली चिनी माती आणि ‘मायक्रोवेव्हयोग्य’ असा स्पष्ट उल्लेख असलेले पॉलिप्रॉपिलीनचे डबे. इडलीसाठी अशाच प्लास्टिकचे साचे बाजारात मिळतात. मेलामाइनच्या ताटल्या दिसायला चिनी मातीसारख्या असल्या तरी त्या स्वतःच तापतात व तडकतात. झिलई नसलेले मातीचे भांडे पाणी शोषून घेते, त्यामुळे अन्नाआधी तेच पोळते. शंका असल्यास एक सोपी परीक्षा करावी. रिकामे भांडे आणि त्याच्या शेजारी काचेच्या पेल्यात पाणी ठेवून ओव्हन एक मिनिट चालवावा. पाणी तापले व भांडे गार राहिले, तर ते योग्य. भांडे तापले, तर अयोग्य. धातूच्या किंवा धातूची रेघ असलेल्या भांड्यावर ही परीक्षा करू नये.

प्लास्टिकच्या बाबतीत तेलाचा तवंग विसरू नये. पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळते. फोडणीचे तेल व पाकातील साखर त्याहून पुष्कळ तापतात आणि चांगला डबाही वितळू लागतो. उपाहारगृहातून केळीच्या पानात व वर्तमानपत्रात बांधून आलेली इडली तशीच आत ठेवू नये. कागद पेटू शकतो. तो दोऱ्यासह काढून टाकावा आणि इडल्या बशीत घ्याव्यात.

नुसते पाणी किंवा दूध तापवताना एक फसवा धोका असतो. गुळगुळीत पेल्यात द्रव बुडबुडा न येता उत्कलनबिंदूच्या वर जातो आणि चमचा लागताच उसळून अंगावर येतो. तापवण्यापूर्वी ढवळावे, आत लाकडी चमचा ठेवावा व नंतर थोडा वेळ थांबावे. तान्ह्या बाळाचे दूध ओव्हनमध्ये तापवूच नये; बाटली कोमट लागते, पण आतील दूध कुठे कुठे चटका बसण्याइतके तापलेले असते. कवचासह अंडे फुटते. घट्ट झाकणाचा डबाही फुटू शकतो.

बदलीच्या सामानातून आलेला ओव्हन सुरू करण्यापूर्वी दार तपासावे. बिजागरी वाकली असेल किंवा दार घट्ट बसत नसेल, तर दुरुस्तीशिवाय तो वापरू नये. दार सुस्थितीत असताना बाहेर येणाऱ्या लहरी अत्यल्प असतात. अमेरिकेतील नियमानुसार ५ सेंटिमीटर अंतरावर ती मर्यादा प्रति चौरस सेंटिमीटर ५ मिलिवॅट आहे. जोडणी अर्थिंग असलेल्या, १६ अँपिअरच्या स्वतंत्र प्लगला द्यावी. आत कधी काही पेटलेच, तर दार उघडू नये. वीज बंद करून ज्वाला आपोआप विझू द्यावी.

राहता राहिला ईयचोंबू. रसम काचेच्या भांड्यात तापवावे आणि मग त्यात ओतून पानावर आणावे.