मून शॉट, ताशी २८ हजार किलोमीटर!

गच्चीवरून पौर्णिमेचा चंद्र टिपायला जावं आणि मोबाइलमध्ये नुसता पांढरा ठिपका यावा, हे आपल्या सगळ्यांचंच होतं. मग वाटतं, अंतराळवीरांची काय मजा असेल राव! थेट वरूनच क्लिक!

थोडं थांबा. चंद्र आहे सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. 'कोलंबिया' हे स्पेस शटल आपल्या शेवटच्या फेरीत उडत होतं जेमतेम २८० किलोमीटर उंचीवर. म्हणजे मुंबईहून पुण्याला जाऊन परत येण्याएवढं अंतर! त्यामुळे तिथूनही चंद्र दिसतो आपल्या गच्चीवरून दिसतो तेवढाच.

मग वेगळं काय? एक म्हणजे घाई. शटल दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारायचं. आपल्याकडे अख्खा चंद्र क्षितिजावर यायला दोनेक मिनिटं लागतात, तिथे कधीकधी आठेक सेकंदांत काम खल्लास. दुसरं म्हणजे मध्ये येणारी हवा. क्षितिजालगतच्या चंद्राचा प्रकाश वातावरणात शिरताना वाकतो आणि बाहेर पडतानाही. खालची कड जास्त उचलली जाते आणि चंद्र चक्क चेपलेला दिसतो. डिसेंबर १९९९ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला गेलेल्या 'डिस्कव्हरी'तून असाच एक चपटा पूर्णचंद्र टिपला गेला होता.

पण मनात राहतो तो 'कोलंबिया'तला फोटो. १९८१ पासून पुन्हा पुन्हा उडालेल्या या यानाची ही २८वी फेरी होती. १६ जानेवारी २००३ ला निघालेल्या सात जणांत कर्नालची कल्पना चावलाही होती. २६ जानेवारीला डिजिटल कॅमेऱ्यातून एक फोटो निघाला: अर्धा चंद्र, खाली पृथ्वीची कड आणि हवेची मंद झळाळती पट्टी. बस, एवढंच.

सहा दिवसांनी, १ फेब्रुवारीला परतताना हीच हवा जीवघेणी ठरली. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळून डाव्या पंखाला भोक पडलं होतं. त्यातून तापलेली हवा आत शिरली आणि टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. सातही जण गेले. त्या दिवशी अमावस्या होती. चंद्राचा फोटो मात्र त्याआधीच पृथ्वीवर पोहोचला होता.

ट्राय करून पाहा: चंद्रावर ऊन पडलेलं असतं, म्हणून सेटिंगही दिवसाचंच हवं. कॅमेऱ्यात आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ११, शटर स्पीड १/१०० ने सुरुवात करा. मोबाइल असेल तर स्क्रीनवरच्या चंद्रावर बोट टेकवा आणि ब्राइटनेस खाली ओढा. ठिपक्यातले डाग दिसायला लागतील. आणि हो, घाई नको. आपल्याकडे आठ सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ आहे.