दीड दिवसाचा सातपुडा

डॉक्टराच्या सुट्टीला पंचांगात मुहूर्त नसतो. सण असो वा रविवार, दारावरची घंटा वाजायची ती वाजतेच. त्यातही बालरोग आणि प्रसूती या शाखांत काम करणाऱ्यांचे वेळापत्रक त्यांच्या हाती नसते. म्हणून आपल्या भागातील कित्येक व्यवसायबंधू केरळ, काश्मीर पाहून येतात. पण खिडकीतून दिसणारा सातपुडा मात्र ‘पुढे कधीतरी’ म्हणून राहून जातो. तो पाहायला आठवडा लागत नाही. शनिवारची दुपार आणि रविवार एवढा दीड दिवस पुरतो. अट एकच, काय पाहायचे याआधी काय सोडायचे हे ठरले पाहिजे.

पहिला निर्णय : पचमढी नको

हे वाचून अनेकांच्या भुवया उंचावतील. पचमढी आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या श्रद्धेचे स्थान आहे. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन जाणारे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची वाट चालणारे भाविक विदर्भातून व आपल्या गावांतूनच मोठ्या संख्येने निघतात. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड (सुमारे 1350 मीटर) तेथेच आहे. पण सौंसरहून छिंदवाडा, तामियामार्गे पचमढी दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते, आणि पांढुर्णेकरांना आणखी तासभर वाढतो. जाऊन-येऊन रविवार रस्त्यातच संपतो. पचमढीला तीन दिवस द्यावेत, नाहीतर जाऊ नये. दीड दिवसाच्या प्रवासाचा शेवट तामिया आणि पाताळकोट हाच असावा.

शनिवार : सिल्लेवानीचा घाट

बाह्यरुग्ण विभाग एक वाजता आटोपून दोनला सौंसर सोडावे. संत्र्यांच्या बागा मागे पडतात आणि रामाकोनानंतर भूमी चढू लागते. सिल्लेवानीचा घाट हा या प्रवासातील पहिला आनंद. साग, मोह, पळस यांच्या दाटीतून वळणे घेत रस्ता पठारावर येतो. जुन्या मंडळींना येथे हमखास छोटी लाईन आठवते. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज 2015 मध्ये बंद झाली, आणि आता त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे.

छिंदवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवेतील बदल तेथेच जाणवतो. शहरात चहापुरतेच थांबावे. बादल भोई आदिवासी संग्रहालय पाहण्यासारखे आहे. पण ते दुसऱ्या खेपेसाठी राखावे. पुढे परासिया लागते. 2025 मध्ये विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने या परिसरातील वीसहून अधिक बालके दगावली. सहलीला निघालेल्या डॉक्टरानेही येथून जाताना क्षणभर गप्प व्हावे, असे हे गाव आहे.

हिवाळ्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. त्याआधी तामियाच्या कड्यावर पोहोचले, की समोर एकामागे एक निळसर होत जाणाऱ्या डोंगररांगा आणि खाली खोल दरी दिसते. मुक्काम तामियातच करावा व तो आधी राखून ठेवावा.

रविवार : पाताळकोट

सकाळी लवकर निघून रातेडच्या बाजूने पाताळकोट पाहावे. सुमारे 79 चौरस किलोमीटरची ही कड्यांनी वेढलेली दरी हजार-बाराशे फूट खोल आहे. सूर्यकिरण तळाशी उशिरा पोहोचतात. दरीत बारा गावे असून तेथे मुख्यतः भारिया व गोंड समाज राहतो. दूधी नदी येथूनच वाट काढते. 2019 मध्ये पाताळकोटला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. भारियांचे वनौषधींचे ज्ञान प्रसिद्ध आहे. ते समजून घ्यावे; पण तेथील माणसे प्रदर्शनातील वस्तू नव्हेत. परवानगीवाचून मुलांची छायाचित्रे काढू नयेत आणि गोळ्या-चॉकलेटे वाटत फिरू नये.

अकराला परत फिरावे. दुपारचे जेवण वाटेत उरकून अंधार पडण्यापूर्वी घाट उतरावा. हा नियम मोडू नये. थकलेला चालक, घाटाची वळणे आणि समोरून येणारे अवजड वाहन यांची गाठ रात्री पडू नये.

मुले बरोबर असतील तर

दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचे प्रमाण अधिक असते. निघण्यापूर्वी पोटभर नव्हे, हलके खायला द्यावे. मुलाला दूरवर बाहेर पाहायला सांगावे, मोबाइल हाती देऊ नये. उलटीचे औषध शेजाऱ्याच्या सल्ल्याने देऊ नये. प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखालील बालकांना वर्ज्य आहे. बारा वर्षांखालील मुलांनी मागेच, पट्टा लावून बसावे. पुढच्या आसनावर आईच्या मांडीवरचे बाळ सुरक्षित नसते.

मागे कोण?

सर्वांत महत्त्वाची तयारी गाडीची नसून रुग्णांची आहे. दरीत मोबाइलचा भरवसा नाही. तेव्हा ‘फोनवर सांगेन’ ही व्यवस्था व्यवस्था नव्हे. नवजात बाळ असलेल्या मातांना, दम्याच्या मुलांच्या पालकांना दोन दिवस आधी कळवावे आणि दुसऱ्या डॉक्टराचे नाव लिहून द्यावे. पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांच्या डॉक्टरांनी आळीपाळीने एकमेकांचे रुग्ण सांभाळले, तर दोन महिन्यांतून एक दीड दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येईल. आपल्या संघटनेने असे वेळापत्रक करावे, ही या लेखाच्या निमित्ताने नम्र सूचना. समाजबांधवांनीही त्या रविवारी बंद दार पाहून रागावू नये. विश्रांती घेतलेला डॉक्टर सोमवारी त्यांच्याच बाळाला अधिक शांतपणे तपासणार आहे.

संत्र्याचा आंबिया बहार उतरू लागला, की पावसाने धुतलेले डोंगर हिरवे असतात आणि हवा कोरडी होते. दिवाळीनंतरचा एखादा रविवार आत्ताच दिनदर्शिकेत आखून ठेवावा.