दारी आलेली दंडार

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती, राजुरा, कोरपना भागातल्या गोंड गुड्यांवर (वस्त्यांवर) दिवाळी दंडारीच्या, म्हणजे नाचत-गात फिरणाऱ्या मंडळींच्या, पावलांनी येते. डोक्यावर मोरपिसांचा जाडजूड टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात काठी असे घुसाडी. सोबत टिपऱ्या धरलेली पोरं, गुमेला हा ढोल वाजवणारे आणि सनईच्या जातीचं पेपरे फुंकणारा. वाद्यांची पूजा होते, मग एका गावची मंडळी दुसऱ्या गावी पाहुणी जातात. यजमान गाव त्यांना जेवू घालतं, मुक्कामाला ठेवतं. सोयरिकीची बोलणीही याच दिवसांत निघतात.

ख्याल आणि नाट्यसंगीतावर वाढलेला मराठी कान इथं आधी चाल शोधतो. त्यानं फारसं हाती लागत नाही. कोणाच्या अंगणात, कोणत्या तिथीला आणि वाजवण्याचा मान कोणाचा, हे आधी विचारावं.

गोंडांचे पिढीजात भाट असलेल्या परधानांचंच बघा. घोड्याच्या केसांच्या गजानं वाजणारी तीन तारांची किंगरी घेऊन परधान आपल्या यजमान गोंड घराण्याच्या कुळाची गाथा गातो. तिची खरी वेळ पेर्सापेन या कुळदेवाच्या पूजेची, पूस आणि भावे महिन्यांतली. नातं पिढीजात, मोबदला धान्याचा, जनावरांचा. पश्चिम आफ्रिकेतले कोरा वाजवणारे जेलीही असेच घराण्यांना बांधलेले असतात. गंमत म्हणजे या भागातल्या अनेक परधानांची घरची बोली मराठी, गाथा मात्र गोंडी! आणि यजमानाकडेच जमीन उरली नाही, तर किंगरीला दान कुठून यायचं?

या परंपरेची सविस्तर नोंद केली ती ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी. आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ १९४८ चा. राजुरा तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९४३ मध्ये याच जिल्ह्यातल्या मारलवाईला सुरू झालेल्या शिक्षण योजनेत गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली, हे मराठी वाचकाच्या सहसा कानावर नसतं.

गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीकडे माडिया गोंडांचा रेला नाच आहे. हातात हात गुंफून रांग धरायची, एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांचं शेजारच्या बस्तरातल्या मुरियांच्या घोटुलावरचं (युवागृहावरचं) पुस्तक १९४७ मध्ये आलं आणि शहरी कुतूहल तरुण-तरुणींच्या संबंधांवरच अडकलं. गाण्याकडे कान फारसा कोणी दिला नाही.

आज रेला नि घुसाडी महोत्सवांच्या मंचावर दिसतात. आदिलाबादचे घुसाडी कलावंत कनक राजू यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, हे योग्यच झालं. पण निवेदकानं दहा मिनिटांत उरकलेल्या ‘आदिवासी नृत्या’त ना यजमान गाव असतं, ना कुळ, ना देव. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी निदान गायकाचं नाव, गाव, प्रसंग आणि गोंडी शब्दांचा मराठी अर्थ टिपावा. त्याविना ती फीत अर्धीच. दंडार पाहायचीच असेल तर दिवाळीत जा, आणि गावच्या पाटलाला आधी विचारून जा.