पाचवा आवाज : बार्बरशॉप गायनवृंदांचे हौशी जग

बार्बरशॉप हा वाद्यांच्या साथीवाचून चार आवाजांत गायला जाणारा अमेरिकी गायनप्रकार असून, तो चौघांच्या चौकडीत जसा रंगतो तसाच वीस-पंचवीसपासून शंभराहून अधिक गायकांच्या वृंदातही रंगतो. या वृंदांतील बहुतेक गायक हौशी असतात. दिवसभर कार्यालयात, शाळेत किंवा गॅरेजात काम करून ते आठवड्यातील एका ठरलेल्या संध्याकाळी एखाद्या चर्चच्या किंवा शाळेच्या सभागृहात जमतात, दोन-तीन तास तालीम करतात, त्यासाठी मानधन तर घेत नाहीतच, उलट सभासदवर्गणी भरतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. इतकी निष्ठा केवळ मैत्रीच्या किंवा करमणुकीच्या ओढीने टिकते असे मानले, तर या प्रकाराचे मर्म हाती लागत नाही. ते ध्वनीच्या एका गुणधर्मात आहे, आणि त्याचा प्रत्यय एकट्या गायकाला, मग त्याची तयारी कितीही असो, येऊ शकत नाही.

चार आवाजांपैकी ‘लीड’ हा मूळ चाल गातो. त्याच्या वर ‘टेनर’ असतो, आणि तो पुरुषगायकांच्या वृंदात बहुधा आवाज बारीक करून, हलक्या गळ्याने गातो. सर्वांत खाली ‘बेस’ पाया धरतो. उरलेला स्वर ‘बॅरिटोन’च्या वाट्याला येतो, आणि तो कधी चालीच्या वर तर कधी खाली असल्यामुळे बॅरिटोनला सतत अनपेक्षित उड्या घ्याव्या लागतात. त्याचा भाग सुटा ऐकला तर त्याला चाल म्हणणेही जड जाते, आणि या मंडळींत बॅरिटोनवर केल्या जाणाऱ्या विनोदांची एक स्वतंत्र परंपराच आहे. चर्चमधील चौआवाजी स्तोत्रगायनात चाल सहसा सर्वांत वरच्या आवाजाकडे असते. येथे ती मधल्या आवाजात असते आणि बाकीचे तिघे तिला वरून-खालून वेढून, बहुतांशी तेच शब्द त्याच क्षणी उच्चारत, जवळजवळ प्रत्येक स्वरागणिक नवा मेळ उभा करतात.

एकाच वेळी उमटणाऱ्या तीन किंवा अधिक स्वरांच्या गटाला पाश्चात्त्य संगीतात ‘कॉर्ड’ म्हणतात. बार्बरशॉपची ओळख मानली गेलेली कॉर्ड चार स्वरांची आहे, आणि भारतीय नावांनी सांगायचे तर तिच्यात षड्ज, शुद्ध गंधार, पंचम आणि कोमल निषाद हे स्वर येतात. पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असल्यामुळे त्यावरील गंधार आणि निषाद आपल्या नैसर्गिक स्थानापेक्षा चढे बोलतात. गळ्याला असे बंधन नसल्याने गायकांना हे चार स्वर ४ : ५ : ६ : ७ या साध्या प्रमाणात लावता येतात, म्हणजे षड्जाची कंपनसंख्या सेकंदाला २०० असेल, तर गंधार २५०, पंचम ३०० आणि निषाद ३५० कंपनांचा होतो, जेथे पियानोचा निषाद ३५६च्या आसपास असतो. प्रत्येक गायलेल्या स्वरात त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे असे उपस्वर मुळातच दडलेले असतात. प्रमाण अचूक जुळले की षड्जाचा पाचवा आणि गंधाराचा चौथा उपस्वर १००० कंपनांवर एकत्र येतात, षड्जाचा सातवा आणि निषादाचा चौथा १४०० कंपनांवर भेटतात, आणि हे सारे एकमेकांना बळ देऊ लागल्यावर ध्वनीला अशी झळाळी चढते की कोणीही न गायलेला एखादा उंच स्वर वेगळा ऐकू आल्याचा भास होतो. बार्बरशॉप गायक या परिणामाला ‘रिंग’ म्हणतात, आणि त्या भासमान स्वराला पाचवा आवाज मानतात.

तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटतो, हे गाणे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असते. तेथे एका तारेच्या पोटातून जे आपोआप बाहेर पडते, ते येथे अनेक माणसांना आपापले स्वर तोलून घडवावे लागते, आणि एकाचा जरी स्वर ढळला तरी ते विरते. (निषादाच्या बाबतीत मात्र भारतीय कान थोडा बिचकण्याचा संभव आहे, कारण सातव्या उपस्वराचा हा निषाद परिचित कोमल निषादाहूनही उतरलेला असतो.)

वृंदाच्या तालमीत जी शिस्त दिसते ती जवळजवळ सगळी या एका उद्दिष्टातून आलेली आहे. स्वराला कंप देण्याची ऑपेराची सवय येथे आवरावी लागते, कारण कंपित स्वरांचे उपस्वर एका जागी ठरत नाहीत. ‘आ’ आणि ‘ओ’ यांच्यात उपस्वरांची बलस्थाने निरनिराळी असल्यामुळे सर्वांचा स्वरोच्चार एकच व्हावा लागतो, आणि म्हणून एका शब्दातील एका स्वरावर दिग्दर्शक बराच वेळ घालवताना दिसतो. बेस आणि लीड यांनी भरदार गायचे, टेनरने मात्र वरून केवळ स्पर्श करावा तसे गायचे, असा आवाजाच्या आकारमानाचाही संकेत आहे. ज्याचा आवाज गर्दीतून वेगळा ऐकू येतो त्याची येथे प्रशंसा होत नाही. त्याला तो आवरायला शिकवले जाते. एकल गायनात ज्यांना कधीच पुढे येता आले नसते अशा सामान्य गळ्याच्या, पण नेमक्या कानाच्या माणसांना म्हणूनच या वृंदांत मानाने स्थान मिळते.

स्वरलिपी वाचता येणे ही अट सहसा नसते. प्रत्येक भागासाठी खास ध्वनिमुद्रणे केलेली असतात, ज्यांत एका कानात स्वतःचा भाग आणि दुसऱ्या कानात उरलेले तीन ऐकू येतील अशी सोय असते. गायक ती गाडी चालवताना किंवा घरकाम करताना ऐकून पाठ करतात, आणि व्यासपीठावर हाती कागद नसतो. सुरुवातीचा स्वर ‘पिच पाइप’ नावाच्या, तोंडाने फुंकण्याच्या छोट्या गोल वाद्यातून दिला जातो, आणि त्यानंतर पट्टी सांभाळणे हे सर्वस्वी गायकांवर असते.

तालीम संपली तरी गाणे संपत नाही. गाण्याच्या शेवटच्या काही ओळींचा, एखादा स्वर लांबवर धरून त्याभोवती कॉर्ड बदलत नेणारा तुकडा ‘टॅग’ म्हणून ओळखला जातो, आणि असे टॅग अनोळखी गायकाला काही मिनिटांत तोंडी शिकवून वाहनतळावर, हॉटेलच्या जिन्यात किंवा उपाहारगृहात गाणे हा या मंडळींचा खरा छंद आहे. त्याहून जुनी रीत ‘वुडशेडिंग’ची, म्हणजे एकाने चाल धरायची आणि बाकीच्या तिघांनी आपले स्वर तत्क्षणी शोधायचे. लिखित मांडण्या आणि स्पर्धा यांमुळे ही रीत मागे पडली, हे या प्रकाराचे मोठे नुकसान म्हटले पाहिजे. व्हॅलेंटाइन दिनी चौकड्या लोकांच्या घरी आणि कार्यालयांत जाऊन पैसे घेऊन प्रेमगीते गातात, आणि त्यातून वृंदाच्या खर्चाला हातभार लागतो.

वृंदांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९५३पासून होत आल्या आहेत. प्रत्येक वृंद दोन गाणी गातो आणि संगीत, सादरीकरण व गायन अशा तीन अंगांनी गुण दिले जातात. डॅलसच्या ‘व्होकल मेजॉरिटी’सारख्या वृंदांनी अनेकदा विजेतेपद मिळवले आहे. कॅनडातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९९६च्या आपल्या ग्रंथात या जगाचा अभ्यास ‘गंभीर विरंगुळा’ या संकल्पनेतून केला आहे. ज्या फावल्या वेळच्या उद्योगात माणूस कौशल्य, चिकाटी आणि ओळख कमावतो तो गंभीर विरंगुळा. आणि बार्बरशॉपला अनुकरण करावे असा व्यावसायिक गायकांचा वर्ग जवळजवळ नसल्यामुळे, येथे हौशी गायकच आपले मानदंड ठरवतात.

हे मानदंड कोणी ठरवायचे आणि वृंदात कोणाला उभे राहू द्यायचे, हा प्रश्न मात्र या संगीताइतका सुसंवादी कधीच नव्हता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेत केशकर्तनाचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीयांच्या हाती होता, आणि त्यांची दुकाने ही त्यांच्या वस्तीत भेटण्या-गाण्याची ठिकाणे होती. कवी जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी अशा चौकड्यांविषयी लिहिले आहे, जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर चौकडीत गात असे, आणि संशोधक लिन ॲबट यांनी १९९२ साली पुराव्यांनिशी दाखवले की या शैलीची मुळे कृष्णवर्णीय समाजात आहेत. लोकस्मृतीत मात्र पट्टेदार कोट आणि गवती टोपी घातलेले गोरे चौघेच उरले. ११ एप्रिल १९३८ रोजी ओक्लाहोमातील टल्सा येथे करविषयक वकील ओवेन कॅश आणि बँकव्यावसायिक रूपर्ट हॉल यांच्या निमंत्रणावरून २६ पुरुष एका क्लबच्या गच्चीवर गायला जमले, आणि त्यातून जी संस्था निघाली तिला सरकारी खात्यांच्या लांबलचक आद्याक्षरी नावांची थट्टा म्हणून मुद्दाम अगडबंब नाव देण्यात आले. थट्टेत जन्मलेल्या या संस्थेने १९४१ साली न्यूयॉर्कच्या ‘ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स’ या कृष्णवर्णीय चौकडीला, ती स्थानिक स्पर्धा जिंकूनही, राष्ट्रीय स्पर्धेत गाऊ दिले नाही. त्याच्या निषेधार्थ न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि शहराचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी तिच्याशी संबंध तोडले. वंशाची अट १९६३मध्ये उठली. स्त्रियांनी १९४५ साली टल्सातच ‘स्वीट ॲडेलाइन्स’ ही स्वतःची संस्था काढली, परंतु तिनेही पुढे वर्णभेदाचा नियम केल्यावर काही शाखा बाहेर पडल्या आणि १९५९ साली ‘हार्मनी इन्कॉर्पोरेटेड’ स्थापन झाली.

मूळ संस्था, जी २००४पासून ‘बार्बरशॉप हार्मनी सोसायटी’ या नावाने ओळखली जाते, तिने २०१८ साली स्त्रियांना पूर्ण सभासदत्व खुले केले. काही जुन्या वृंदांनी केवळ पुरुषांचे राहणे पसंत केले, तर काहींनी मिश्र वृंद उभारले, आणि त्यामुळे मांडणीकारांपुढे तांत्रिक प्रश्न आला. पुरुषांसाठी रचलेली गाणी स्त्रियांचे वृंद वरच्या पट्टीत नेऊन गातात, पण एकाच रांगेत दोन्ही प्रकारचे गळे आले की एकाची पट्टी दुसऱ्याला पेलत नाही, आणि लीडचा भाग स्त्री गाणार की पुरुष यावर उरलेल्या तीन आवाजांची जागा ठरते. जुन्या मांडण्या तशाच वापरता येत नाहीत; मिश्र वृंदांसाठी गाणी नव्याने मांडावी लागत आहेत, आणि त्या कामात आता अनेक हौशी गायकही पडले आहेत.